साळवीबाईंची वही

साळवीबाई वर्गात येऊन मागच्या भिंतीला टेकून बसल्या की मला दरदरून घाम फुटायचा. त्या काही बोलत नसत, हटकत नसत. मांडीवर शंभर पानी वही, वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल आणि नजर पोरांवर. पण मला सारखं वाटायचं की या माझंच लिहितायत. पुढं कळलं, ते वाटणं अगदीच खोटं नव्हतं.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला धीराची समजायला नको. जिल्ह्याला तेव्हा कुलाबाच म्हणत. मी बावीस वर्षांची, महाडात वाढलेली, आणि पहिली नेमणूक मिळाली ती पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. शाळा एका खोलीची आणि शिक्षक एकच, म्हणजे मी. शाळेच्या मागं मोकळं माळरान आणि माळ संपला की सरळ कडा. पहिल्याच दिवशी मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली ती कायमची.

साळवीबाई महाडला चवदार तळ्याच्या मागच्या आळीत राहायच्या. पन्नाशीच्या, उंच, अंगानं सडसडीत. पांढरी सुती साडी, पुरुषी छत्री आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या महाडच्याच एका शाळेत शिकवत. मधे कधीतरी पुण्याला जाऊन लहान मुलांच्या मनाचं काहीबाही शिक्षण घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून तालुक्यात कुठल्याही शाळेत एखादं मूल आवरेनासं झालं की शिक्षण खात्यातले साहेब म्हणायचे, साळवीबाईंना पाठवा. या कामाला ना हुद्दा होता ना भत्ता. आता शहरांतल्या मोठ्या शाळांत म्हणे मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणारा माणूस पगारी असतो, त्याला वेगळी खोली असते. बाईंची खोली म्हणजे ती वही.

वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत. आधी, तेव्हा, नंतर. मूल बिघडण्याच्या आधी काय झालं, तेव्हा त्यानं नेमकं काय केलं आणि नंतर लोकांनी काय केलं. एवढंच. विशेषणाला वहीत जागा नव्हती. मी एकदा एका पोराबद्दल म्हटलं, "बाई, फार द्वाड आहे तो." त्यांनी पेन्सिल थांबवली. "द्वाड म्हणजे काय केलं त्यानं? हातानं केलं, पायानं केलं, की तोंडानं?" मी खाली जमिनीकडे बघितलं. "नलिनी, काय दिसलं ते आधी सांग. काय वाटलं ते मागाहून बघू." हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान शंभरदा ऐकलं असेल, आणि दर वेळी माझे कान लाल झाले.

महाडच्या शाळेतली एक गोष्ट त्या सांगायच्या. चौथीतली एक मुलगी शेजारच्या मुलींना कडकडून चावायची. मास्तर मारून थकले, आईनं तोंडात मिरची कोंबली, काही उपयोग नाही. बाई चार दिवस मागं बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, ही चावते ती फक्त डावीकडच्या मुलीला. पाचव्या दिवशी त्यांनी तिच्या डाव्या कानाशी हळूच घड्याळ धरलं. पोरीला टिकटिक ऐकूच येईना. डावीकडून कुणी आलेलं तिला कळत नसे, अचानक अंगाशी हात आला की ती दचकायची आणि दात रोवायची. बाईंनी तिला डाव्या भिंतीला लागून बसवलं, आणि चावणं तिथंच संपलं. "एवढंच होतं," म्हणायच्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरायचा. "त्या मिरचीचं मात्र काही करता आलं नाही मला."

स्वतः बाई फार धीराच्या होत्या असंही नाही. घाट चढणाऱ्या एसटीत त्या डोळे गच्च मिटून, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायच्या. मी एकदा हसले. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथंही तेच तीन रकाने, आणि त्यात त्यांचं स्वतःचंच: वळण आलं, डोळे मिटले, गाडी पडली नाही. अशा ओळीच्या ओळी खाली लिहिलेल्या. "अजून भीती जात नाही," त्या म्हणाल्या, "पण निदान वहीत तरी खोटं लिहीत नाही."

आणि एक. वरच्या गावांत येताना त्या पाणी घरून आणायच्या, फिरकीच्या तांब्यात. वाडीत त्यांनी कधी कुणाकडे पाणी मागितलं नाही, संपलं की लांबच्या ओढ्यावर जाऊन स्वतः भरून घ्यायच्या. कोण देईल, कोण देणार नाही आणि कोण देताना इकडंतिकडं बघेल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मार्चात तळ्यावर माणसं जमायची तेव्हा मात्र बाई हटकून रजा टाकायच्या आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी वाढायच्या. माझ्या वाडीत त्या आल्या तेव्हा उतरल्या शाळेतच. मी राहायचे ती खोली एका शेतकऱ्याच्या घरातली. मालकांना विचारायचंही धाडस मला झालं नाही. बाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि स्वतःच म्हणाल्या, "शाळाच बरी, हवेशीर आहे." ती लाज मला आजही आहे.

त्यांना मीच बोलावलं होतं, चिमीसाठी.

चिमी दुसरीतली. धोंडूची मुलगी, सात-आठ वर्षांची, एरवी इतकी गप्प की वर्गात आहे हेही कळू नये. पण शाळा भरून थोडा वेळ झाला की ती दाराकडे टक लावून बघायला लागे. हाताच्या मुठी आवळत, घशातून बारीक आवाज निघे, तो वाढत वाढत किंकाळी होई, आणि ती उठून धावत सुटे, ती थेट कड्याकडे. पोरं ओरडत, "सुटली, सुटली." वाडीतली माणसं काठ्या, केरसुण्या घेऊन मागं धावत. तिला धरून, उचलून घरी नेत. मी दाराच्या पुढं जात नसे. एक दिवस ही पोर खाली जाणार आणि पहिला प्रश्न मला विचारला जाणार, हेच रोज मनात यायचं. आधी स्वतःचं मनात यायचं, मग पोरीचं. खोटं कशाला सांगू.

वाडीनं ठरवून टाकलं होतं की हे बाहेरचं आहे. धोंडू मला म्हणाला, "बाई, आता आमी थांबत नाय. अवसेला भगत येनार हाय. इळा तापवून पायाला नि पोटाला डाग देनार. त्याबिगर जायचं नाय ते." बोलताना त्याचा आवाज कापत होता. माणूस दुष्ट नव्हता, घाबरला होता. अवस येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी होती, म्हणजे हातात आठवड्याहून थोडे जास्त दिवस होते. मी महाडला चिठ्ठी पाठवली आणि येत्या सोमवारी सकाळीच साळवीबाई छत्री टेकत घाट चढून आल्या.

सोमवारी आणि मंगळवारी त्या नुसत्या बघत राहिल्या. दोन्ही दिवस चिमी किंचाळली, पळाली, लोकांनी धरून आणली. बाई शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन बघत आणि परत येऊन लिहीत होत्या. मला संताप आला. सहा दिवसांनी पोरीला चटके बसणार आहेत आणि ह्या रकाने भरतायत. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तसं बोललेही. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या हजेरी घेऊ नकोस."

"म्हणजे?"

"पट उघडूच नकोस. नावं पुकारू नकोस. बाकी रोजच्यासारखं."

हजेरी न घेता शाळा चालवायची. साहेब अचानक आले तर काय सांगू? तरी बुधवारी मी पट टेबलाच्या खणात ठेवला. पूर्ण वेळ कान बाहेरच्या पावलांकडे. आणि चिमी दिवसभर बसून राहिली. पाटीवर बदक काढलं. मधल्या सुट्टीत चिंचा खाल्ल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

"उद्या हजेरी घे," बाई म्हणाल्या, "फक्त हिचं नाव गाळ."

गुरुवारीही काही झालं नाही. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "हिचं पटावरचं नाव काय?" मी सांगितलं, "यशोदा धोंडू. घरी चिमी म्हणतात." यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. वाडीतल्या प्रत्येक पोराचं घरचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं. पट आधीच्या गुरुजींनी ठेवलेला, मी तो पुढं चालवत होते. बाईंनी नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तिची आई रोज हजेरीच्या वेळेला त्या बांधावर का उभी राहते?"

मला तर तेही कधी दिसलं नव्हतं.

"कमरेवर रिकामा हंडा असतो," बाई म्हणाल्या. "पाणवठा तर त्या बाजूला. काल तू हजेरी घेतली नाहीस तर उन्हं कलायला लागेपर्यंत उभी होती. आजही तशीच."

शुक्रवारी मी माती खाल्ली. चिमीचं नाव गाळायचं हे मनात घोकत होते, पण पट उघडला की जीभ आपोआप चालते. "यशोदा धोंडू." तोंडातून गेलं आणि माझं मलाच कळलं. चिमी बारीक आवाजात म्हणाली, "हजर." मग तिनं दाराकडे मान वळवली. मुठी वळल्या.

ती उठली आणि पळाली. पोरं ओरडली, बाहेर माणसं धावली, धोंडू काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं. आणि साळवीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, छत्री दोन्ही हातांत धरून.

"कुणी धावायचं नाही."

"बाई, पडेल ती," मी ओरडले.

"दोनदा बघितलंय मी. कड्यापाशी जाऊन ती थांबते. मागून माणसं आली की पुढं सरकते. तिला पुढं आपण ढकलतोय." त्यांचा आवाज सपाट होता. त्या एकट्याच माळावर निघाल्या, भाजी आणायला निघाल्यासारख्या सावकाश. मी मागं गेले. कशी गेले ते मला सांगता यायचं नाही, पण अर्ध्या वाटेपासून मी बसून सरकत होते एवढं आठवतं.

चिमी अगदी काठावर उभी होती. वाऱ्यानं तिचा परकर कड्याच्या बाजूला उडत होता. बाई तिच्यापासून वीसेक पावलांवर चक्क जमिनीवर बसल्या. बूट काढले, पाय लांब केले, तांब्याची फिरकी उघडून पाणी प्यायल्या. हाक मारली नाही. मी गवत मुठीत धरून बसले होते.

"काय दिसतं गं खाली?" बाईंनी विचारलं.

पुष्कळ वेळानं पोर बोलली. "आज नाय आली."

"कोण?"

"येसू. नाव घेतलं की येते ती वर."

"ती आली की तू काय करतेस?"

"तिला सांगाया येते," चिमी म्हणाली, "मी नाय गो बसले तुज्या जागेवर. बाई मना बोलावतात तुज्या नावानं."

बाई म्हणजे मी.

मग पोर आपणहून काठ सोडून बाईंजवळ येऊन बसली, आणि ते सगळं हळूहळू बाहेर आलं, थोडं पोरीकडून, थोडं धोंडूकडून. यशोदा म्हणजे येसू, चिमीची मोठी बहीण. दोन पावसाळ्यांपूर्वी गाईच्या पाडीच्या मागं धावताना ती याच कड्यावरून घसरली होती. शाळेचा पट आधीच तुटपुंजा, आणखी कमी झाला तर शाळा बंद व्हायची. चिमीचं शाळेचं वय झालेलं नव्हतं. तेव्हा गुरुजींनी येसूचं नाव खोडलंच नाही, आणि धाकटीला आणून तिच्या जागेवर बसवलं. म्हणाले, नाव घेतलं की हजर म्हण. पोरगी दोन वर्षं रोज सकाळी मेलेल्या बहिणीच्या नावाला हजर म्हणत होती. आणि गेलं वर्षभर ती हाक मी मारत होते, स्वच्छ, खणखणीत आवाजात. प्रशिक्षणात माझ्या आवाजाचं कौतुक झालेलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी धोंडूला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. मी पट उघडून बसले होते. भीती होतीच: खोटा पट चालवला म्हणून माझ्यावर काय येईल कोण जाणे. तरी मी म्हटलं, "हे नाव मी खोडते. चिमीचं तिच्या स्वतःच्या नावानं लिहिते."

धोंडू होकाराची मान हलवत होता. पण रखमा, चिमीची आई, पुढं आली आणि पटावर हात ठेवला.

"खोडू नका, बाई."

"अगं, पण पोरीला..."

"मीच सांगितलेलं गुरुजींना, नाव ऱ्हाऊ द्या म्हनून. घरात कोन तिचं नाव घेत नाय. ह्यो घेऊ देत नाय. दिसातून येकदा कुनीतरी तिला हाक मारतं, आनि आतनं हजर म्हनतात. तेवढंच ऐकाया येते मी." ती रडत नव्हती. हात मात्र पटावरून काढत नव्हती.

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या वही उघडून दाखवतील, समजावतील. त्यांनी वही बाजूला ठेवली.

"रखमा," त्या म्हणाल्या, "हाक मी मारीन. रोज, शाळा भरायच्या वेळेला. महाडला, शाळेच्या नाहीतर घराच्या दारातून. पण उत्तर द्यायला ह्या पोरीला लावू नका. ती जिती आहे."

रखमा त्यांच्याकडे बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"इसरलात तर?"

"लिहून ठेवते." आणि त्यांनी खरंच लिहिलं, रखमाच्या समोर. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वाकून बघितलं. मग तिनं पटावरचा हात उचलला. जाताना ती दारात थबकली, घराकडे गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन परत आली. बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते सगळं संपवलं.

धोंडू अवघडून उभा होता. "आनि भगताला काय सांगू?"

"सांगा, पोरीचं नाव चुकलं होतं. आता सुधारलं."

सोमवारी अवस होती. मला रविवारी झोप लागली नाही. भगत आलाच तर, धोंडू फिरला तर, पोर पुन्हा पळालीच तर. अकराच्या घंटेनंतर मी पट उघडला. साळवीबाई मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. "सुमन धोंडू." हे चिमीचं बारशातलं नाव, कुणी कधी न वापरलेलं. ती दाराकडे बघत राहिली. दार रिकामं होतं, आणि बाहेर बांधही रिकामा होता. मी टेबलाची कड घट्ट धरली. किती वेळ गेला देव जाणे. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हजर." भगत दुपारी आला, चहा पिऊन गेला. विळा तापला नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या वाडीत होते. चिमी कड्याकडे गेली नाही. खिडकी मात्र मी उघडली नाही.

पुढं माझी महाडला बदली झाली. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, माझं लग्न झालं, भेटायचं राहून राहून गेलं. एकदा कामानिमित्त तळ्याच्या बाजूला गेले होते, म्हटलं डोकावून यावं. आळीत शिरले तेव्हा कुठल्याशा शाळेची अकराची घंटा वाजत होती. बाई दारात उभ्या होत्या. खूप वाळल्या होत्या, एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातात तीच वही. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी समोर रस्त्याकडे बघत, वर्गात म्हणतात तशा आवाजात म्हटलं,

"यशोदा धोंडू."

मी पायरीवर होते तिथंच थिजले. आळीत कुणी मान वर करूनही बघितलं नाही, त्यांना ते रोजचं असणार. बाई थांबल्या. एखादं मूल उत्तर द्यायला जेवढा वेळ घेतं तेवढ्या नेमक्या थांबल्या. मग पेन्सिलीनं वहीत खूण केली आणि मला बघून म्हणाल्या, "नलिनी ना? ये, चहा टाकते."

चहा झाल्यावर निघताना त्यांनी विचारलं, "माझ्यानंतर तू मारशील हाक?" मला हो म्हणवेना. नाही म्हणवेना. मी चप्पल शोधायचं निमित्त केलं. कोपऱ्यावरून वळून बघितलं तर त्या अजून दारातच होत्या, माझ्याकडे बघत, थांबलेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. दोन महिन्यांत गेल्याचंच कळलं.

त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. रोज अकराला मी दाराशी येते आणि ते नाव घेते. हळू घेते, घरातल्यांना ऐकू जाणार नाही इतकं. आणि घेतलं की लगेच आत वळते. बाईंसारखं उत्तरासाठी थांबायचा धीर मला अजून झालेला नाही.